फ्लॅट नव्हे, कारभार विकत घ्या
(रौप्यमहोत्सवी समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सेक्रेटरींनी मला सांगितलं, "काका, तुम्ही नुकतेच जपानला जाऊन आलात. पंधरा-वीस मिनिटं जपानबद्दल काहीतरी बोला." त्यांच्या मनात बुलेट ट्रेन आणि साकुराची फुलं असणार. बुलेट ट्रेनमध्ये मी एकदा बसलो. साकुरा फुलायच्या कितीतरी आधीच व्हिसाचे तीन महिने संपले. तिथले माझे बहुतेक दिवस वेगळ्याच कामात गेले. माझी मुलगी आणि जावई टोकियोत एक जुना फ्लॅट विकत घेत होते आणि छत्तीस वर्षं बँकेत घालवलेला हा बाप त्यांच्या मागे मागे कागद वाचत फिरत होता. आज मी त्याबद्दलच बोलणार आहे. शेवटी आपल्या सोसायटीबद्दल एक गोष्ट सांगायची आहे, ती तेवढी ऐकून घ्या.

मुलगी राहते निशी-कासाईला. टोकियोच्या पूर्वेला एदोगावा नावाचा वॉर्ड आहे, त्यात हे स्टेशन येतं. भारतीयांची मोठी वस्ती आहे. भाजीत कढीपत्ता मिळतो, दिवाळीला फराळाची ताटं फिरतात. २०१९ साली योगेंद्र पुराणिक हे आपले मराठी गृहस्थ या वॉर्डाच्या सभागृहात निवडून आले होते, हे तुम्ही पेपरात वाचलं असेल.

तिथे सिमेंट काँक्रीटच्या इमारतीतल्या फ्लॅटला 'मॅन्शन' म्हणतात. पहिल्यांदा फोनवर मुलगी म्हणाली, "बाबा, आम्ही मॅन्शन बघतोय," तेव्हा मी आमच्या सौं.ना सांगितलं, की जावयाला बढती मिळालेली दिसते! नंतर कळलं, साठ चौरस मीटरचा टू बीएचके म्हणजे मॅन्शन. दोन मजली लाकडी चाळवजा इमारतीतलं घर असेल तर ते 'अपातो'.

आधी सर्वांच्या मनातला प्रश्न. परदेशी माणसाला तिथे घर घेता येतं का? येतं. घर आणि जमिनीतला हिस्सा, दोन्ही स्वतःच्या नावावर होतात. अडचण येते ती कर्जाची. बहुतेक बँका कायम वास्तव्याचा परवाना मागतात. तो मुलीला दोन वर्षांपूर्वी मिळाला म्हणून हे सगळं सुरू झालं. कर्जाचे दर ऐकून मला घेरी यायची बाकी राहिली होती. बदलत्या दराचं कर्ज कित्येक वर्षं एक टक्क्याच्याही खाली मिळत होतं, आता हळूहळू वर सरकतंय. आणि कर्जाबरोबर आयुर्विमा जोडलेला. कर्जदार गेला तर उरलेलं कर्ज विमा फेडतो, घर कुटुंबाकडे राहतं. वसुलीसाठी विधवांच्या दारात उभं राहायची वेळ माझ्यावर नोकरीत तीन वेळा आली होती. त्यामुळे ही सोय पाहून मला फार बरं वाटलं.

नवं घर परवडत नव्हतं, म्हणून जुनं. आम्ही तीन फ्लॅट मनावर घेऊन पाहिले. तिघांची गोष्ट थोडक्यात सांगतो.

पहिला फ्लॅट स्टेशनपासून सात मिनिटांवर. इमारत १९८० ची, पण आत गेलं की डोळे दिपावेत. पांढरीशुभ्र भिंत, नवं स्वयंपाकघर, बटण दाबलं की बाथटब भरणारं न्हाणीघर. एका कंपनीने फ्लॅट विकत घेऊन, आतून पूर्ण नवा करून विकायला काढलेला. किंमत तीन कोटी ऐंशी लाख येन. तेव्हा एका रुपयाला पावणेदोन येनच्या आसपास भाव होता, म्हणजे आपले सव्वादोन कोटी रुपयांच्या आतबाहेर. आणि माझ्यातल्या खजिनदाराला सर्वात आवडलेली गोष्ट म्हणजे महिन्याचा खर्च. तिथे मेंटेनन्सचे दोन भाग असतात. एक 'कान्री-ही', म्हणजे सफाई, लिफ्ट, दिवाबत्ती, पगार यांचा रोजचा खर्च. दुसरा 'शूझेन त्सुमितातेकिन', म्हणजे दुरुस्तीसाठी साठवायचा निधी. आपला सिंकिंग फंड आणि दुरुस्ती निधी एकत्र केल्यासारखा. या इमारतीत तो दुसरा आकडा होता महिना चार हजार आठशे येन. मी लगेच म्हणालो, "बघ, किती काटकसरीने चालवलीय सोसायटी! हाच घ्या."

मुलगी काही बोलली नाही. परत येताना ट्रेनमध्ये तिने मोबाईलवर हिशोब करून दाखवला. साठ चौरस मीटरला चार हजार आठशे, म्हणजे चौरस मीटरला ऐंशी येन. तिथल्या सरकारने मार्गदर्शक आकडे दिलेले आहेत. वीस मजल्यांच्या आतल्या इमारतीला, आकारमानाप्रमाणे, चौरस मीटरला महिन्याला सरासरी अडीचशे ते साडेतीनशे येनच्या दरम्यान निधी जमायला हवा. "म्हणजे बाबा, इथे लागतो त्याच्या एक तृतीयांशसुद्धा जमा होत नाहीये. पंचेचाळीस वर्षांची इमारत. पाईप, गच्ची, लिफ्ट, सगळं पुढ्यात उभं आहे. पैसे कोण देणार? आम्हीच."

मी वाद घातला. म्हटलं, अगं, लोकांनी ठेवला असेल खर्च आटोक्यात. त्यावर ती जे बोलली ते मी शेवटी सांगतो.

दुसरं कारण होतं भूकंपाचं. जपानमध्ये घर घेणाऱ्याने एक तारीख पाठ करायची असते. १ जून १९८१. १९७८ साली मियागी भागात मोठा भूकंप झाला, त्यानंतर बांधकामाचा कायदा बदलला आणि नवा नियम या तारखेपासून लागू झाला. जुना नियम मध्यम भूकंपापुरता विचार करत असे. नव्या नियमात, अतिशय मोठ्या भूकंपातही इमारत कोसळू नये, माणसं जिवंत बाहेर पडावीत, हे बघितलं जातं. १७ जानेवारी १९९५ ला कोबेला भूकंप झाला, सहा हजार चारशेहून अधिक माणसं गेली. त्यात जुन्या नियमाच्या इमारतींचं नुकसान नव्या इमारतींपेक्षा फार जास्त झालेलं दिसलं.

किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा, १९९३ साली, मी सोलापूरच्या शाखेत होतो. विसर्जनानंतरची पहाट. भांडी फडताळावरून खाली आली, ती आठवण अजून जात नाही. निशी-कासाईला एका संध्याकाळी चहा घेताना दिवा हलायला लागला, तर नातू म्हणाला, "आजोबा, लहान आहे, बसा." मी मात्र टेबल घट्ट धरून बसलो होतो. तेव्हा कुठे मला त्या तारखेचं महत्त्व कळलं.

दुसरा फ्लॅट पाहिला त्याची इमारत मार्च १९८२ ची. मी खूश. १९८२ म्हणजे १९८१ नंतरची, प्रश्न मिटला! तिथे मी दुसऱ्यांदा चुकलो. तारीख बघायची ती इमारत पूर्ण झाल्याची नाही, तर नकाशा मंजूर झाल्याची. सात-आठ मजली इमारत उभी राहायला वर्ष-दीड वर्ष लागतं, त्यामुळे १९८२ ला पूर्ण झालेल्या इमारतीचा नकाशा १९८० च्या नियमाने मंजूर झालेला असू शकतो. स्थानिक सरकारी कार्यालयातून त्या मंजुरीच्या नोंदीचा दाखला मिळतो. मुलीने तो काढला. मंजुरी निघाली नोव्हेंबर १९८० ची. बरं, जुन्या नियमाची प्रत्येक इमारत वाईट असते असंही नाही. तपासणी करून, बाहेरून लोखंडी तिरके आधार देऊन मजबूत केलेल्या इमारती मी पाहिल्या. इथे तपासणीच झालेली नव्हती. सभेत विषय दोनदा आला आणि खर्चामुळे दोनदा पुढे ढकलला गेला. हे आम्हाला कुठून कळलं? सभेच्या इतिवृत्तावरून.

आपण घर घेताना काय काय बघतो? टायटल क्लिअर आहे का, सोसायटीची एनओसी, शेअर सर्टिफिकेट, पाणी, पार्किंग, पूर्व-पश्चिम. सोसायटीच्या मागच्या तीन वर्षांच्या सभांची इतिवृत्तं कुणी मागितल्याचं मी नोकरीत कधी पाहिलं नाही. तिथे समजूतदार गिऱ्हाईक एजंटामार्फत ती मागून घेतं. शिवाय कारभार पाहणाऱ्या कंपनीकडून एक छापील अहवाल मिळतो. निधीत किती शिल्लक आहे, त्यावर कर्ज आहे का, किती सभासद थकबाकीदार आहेत, मोठी दुरुस्ती केव्हा झाली, पुढची केव्हा, निधीचा हप्ता वाढवायचं ठरलं आहे का, हे सगळं त्यात येतं.

थकबाकीचं तर फार लक्ष ठेवावं लागतं. तिथल्या कायद्याप्रमाणे आधीच्या मालकाने मेंटेनन्स थकवला असेल तर तो नव्या मालकाकडून वसूल करता येतो.

जुन्या इमारतीतली आणखी एक गंमत. गंमत म्हणजे, ज्याच्या घरात होते त्याला गंमत नव्हे. पूर्वीच्या बांधकामात काही ठिकाणी तुमच्या न्हाणीघराचा सांडपाण्याचा पाईप स्लॅबच्या खालून, म्हणजे खालच्या माणसाच्या छताच्या आतून जातो. गळला तर दुरुस्तीसाठी खालच्याच्या घरात शिरावं लागतं. त्या पांढऱ्याशुभ्र पहिल्या फ्लॅटमध्ये सगळं नवं होतं, पण इमारतीचे उभे पाईप जुनेच होते. आतला रंग एका महिन्यात बदलता येतो. उभा पाईप बदलायला चाळीस घरांची संमती आणि पैसा लागतो.

क्षेत्रफळाचा खेळ तिकडेही आहे हो! जाहिरातीत भिंतीच्या मध्यापासून मोजलेलं क्षेत्रफळ देतात आणि सरकारी नोंदवहीत भिंतीच्या आतल्या बाजूपासून मोजलेलं. त्यामुळे नोंदीतला आकडा नेहमी लहान. आपल्या बिल्ट-अप आणि कार्पेटची चुलत भावंडं म्हणा.

आणि बाल्कनी! हे आपल्या 'ए' आणि 'बी' दोन्ही विंगनी लक्ष देऊन ऐकावं. तिथे बाल्कनी तुमच्या मालकीची नसते. ती सामायिक जागा, वापर फक्त तुमचा. दोन शेजाऱ्यांच्या बाल्कन्यांच्या मध्ये पातळ फळी असते. आग लागली तर ती लाथ मारून फोडायची आणि शेजाऱ्याच्या बाल्कनीतून निसटायचं. त्यामुळे फळीसमोर कपाट ठेवायचं नाही. बाल्कनी बंद करून खोलीत घेणं हा विषयच नाही. खिडकीची चौकट आणि मुख्य दाराची बाहेरची बाजूसुद्धा सामायिक, रंग बदलायचा नाही. मी आपल्या इमारतीचा बाहेरचा फोटो मुलीच्या एजंटबाईंना कौतुकाने दाखवला होता. त्यांनी सव्वीस प्रकारच्या ग्रिल आणि काचा पाहिल्या आणि अतिशय नम्रपणे "खूप वेगवेगळं आहे" असं म्हणाल्या.

आता तिसरा फ्लॅट. इमारत १९९१ ची, स्टेशनपासून चौदा मिनिटं चालत, सहावा मजला. आत गेलो तर माझा चेहरा पडला. स्वयंपाकघर तीस वर्षांपूर्वीचं, तातामीची खोली पिवळी पडलेली. किंमत साडेचार कोटी येन. आणि दुरुस्ती निधी महिना सोळा हजार! मी म्हटलं, हे लुटतायत.

पण मुलगी आत जायच्या आधी खालीच पंधरा मिनिटं रेंगाळली होती. टपालपेट्या बघितल्या, एकीतही जुनी पत्रकं तुंबलेली नव्हती. सायकलींच्या जागेत प्रत्येक सायकलला त्या वर्षाचं स्टिकर. कचऱ्याच्या खोलीत वास नाही. सूचना फलकावर गेल्या सभेचा वृत्तांत आणि पुढच्या पाणीटाकी सफाईची तारीख. ती म्हणाली, "बाबा, इथे एक म्हण आहे, 'मान्शोन वा कान्री ओ काए'. म्हणजे फ्लॅट नव्हे, कारभार विकत घ्या." तिथल्या घरखरेदीच्या धंद्यातलं हे रोजच्या वापरातलं वाक्य. भिंती, नळ, फरशा नंतर बदलता येतात. शेजारी आणि त्यांची सवय बदलता येत नाही.

त्या इमारतीचे कागद आले. तीस वर्षांचा दुरुस्तीचा आराखडा तयार होता, कुठल्या वर्षी गच्चीचं वॉटरप्रूफिंग, कुठल्या वर्षी पाईप, कुठल्या वर्षी लिफ्ट. बाहेरून मचाण बांधून पूर्ण इमारतीची मोठी दुरुस्ती तिथे साधारण बारा ते पंधरा वर्षांनी करतात. इथे ती दोनदा होऊन गेली होती, दोन्ही वेळा निधीतून, कर्ज न काढता. सोळा हजार म्हणजे चौरस मीटरला दोनशे सहासष्ट येन. लूट कसली, बरोबर लागतात तेवढेच ते घेत होते.

पाण्याचाही विचार केला. एदोगावा वॉर्डाचा मोठा भाग समुद्रसपाटीच्या खाली आहे, दोन्ही बाजूंना नद्या. मोठा पूर येणार असेल तर वॉर्ड सोडून दुसरीकडे जा, असं वॉर्डाच्या स्वतःच्या पूरनकाशातच स्पष्ट सांगितलेलं आहे. घर विकताना हा नकाशा काढून त्यावर इमारत कुठे आहे हे दाखवणं एजंटाला २०२० पासून बंधनकारक झालंय. सहावा मजला असल्याने घरात पाणी शिरायची भीती कमी, पण तळघरातलं विजेचं पॅनेल आणि पंप बुडाले तर वर बसूनही अंधार आणि कोरडे नळ. मुलीने तेही विचारलं. पॅनेल पहिल्या मजल्यावर उचलून बसवलेलं होतं, सहा वर्षांपूर्वी, सभेत ठराव करून.

करार करण्याआधी एजंटबाईंनी आपलं परवानापत्र टेबलावर ठेवलं आणि 'महत्त्वाच्या बाबींचं स्पष्टीकरण' वाचायला सुरुवात केली. हे वाचन कायद्याने सक्तीचं आहे. दोन तास चाललं. करारावेळी इसार देतात, साधारण पाच ते दहा टक्के. ठराविक मुदतीत घेणारा फिरला तर इसार बुडतो, विकणारा फिरला तर त्याने दुप्पट परत करायचा. कर्ज मंजूर झालं नाही तर इसार परत मिळण्याचं कलम घालून घेता येतं, ते घातलंच पाहिजे. एजंटाची दलालीही कायद्याने बांधलेली. किंमत ऐंशी लाख येनच्या वर असेल तर जास्तीत जास्त तीन टक्के अधिक साठ हजार येन आणि त्यावर कर.

शेवटचा दिवस बँकेतल्या एका लहानशा खोलीत. विकणारे, घेणारे, एजंट आणि नोंदणीचं काम पाहणारे कायद्याचे कारकून, त्यांना 'शिहो-शोशी' म्हणतात. त्यांनी दोन्ही बाजूंचे कागद तपासून मान हलवली, मग पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात गेले. वर्षाचा घरपट्टीचा कर दिवसावर वाटून झाला, महिन्याचा मेंटेनन्सही. मग किल्ल्या.

विकणारे गृहस्थ माझ्याच वयाचे होते. पत्नी गेल्यावर मुलाकडे राहायला निघाले होते. किल्ल्यांबरोबर त्यांनी एक जाड निळी फाईल दोन्ही हातांनी मुलीपुढे धरली. त्यात घर घेतल्यापासूनच्या सगळ्या सभांची पत्रकं, दोन्ही मोठ्या दुरुस्त्यांचे नकाशे, कुठला पाईप कधी बदलला त्याच्या नोंदी, सगळं वर्षवार लावलेलं. तिथे बऱ्याच इमारतींत कमिटीवर आळीपाळीने प्रत्येक घराचा नंबर लागतो. त्यांचा नंबर तीनदा लागला होता, एकदा ते अध्यक्ष होते. मुलीने सांगितलं, की माझे वडीलही आमच्या सोसायटीत खजिनदार होते. ते उभे राहिले आणि मला कमरेत वाकून नमस्कार केला. मीही केला. भाषा एकमेकांची येत नव्हती. मला मात्र त्या नमस्काराने फार अवघडल्यासारखं झालं. का, ते सांगतो.

पहिल्या फ्लॅटनंतर मी ट्रेनमध्ये वाद घातला होता, लोकांनी खर्च आटोक्यात ठेवला असेल म्हणून. तेव्हा मुलगी हळूच म्हणाली होती, "बाबा, तुम्ही पण ठेवला होतात ना?"

मित्रहो, मी नऊ वर्षं आपला खजिनदार होतो. त्या नऊ वर्षांत मेंटेनन्स एका रुपयाने वाढवला नाही. याचं मला फार भूषण होतं. शेवटच्या एजीएमला तुम्ही टाळ्या वाजवल्या, शाल-श्रीफळ दिलंत. ती शाल अजून कपाटात आहे. सिंकिंग फंड कागदोपत्री जेवढा कमीत कमी घ्यावा लागतो, बांधकाम खर्चाच्या वर्षाला पाव टक्का, तेवढाच घेतला. तोही पंचवीस वर्षांपूर्वीच्या खर्चावर. दुरुस्ती निधीत वाढ करायचा विषय कुणी काढला की मीच म्हणायचो, "बघू पुढच्या वर्षी." पायउतार झालो आणि तिसऱ्या वर्षी 'बी' विंगचं प्लास्टर पडलं, ड्रेनेजचे पाईप फुटले. दोन महिन्यांत घरटी पंच्याऐंशी हजार रुपये भरायची वेळ आली. त्यासाठी आपल्यापैकी एका घरानं औषधपाण्यासाठी ठेवलेली एफडी मुदतीआधी मोडली. तो फॉर्म मीच भरून दिला. माझा हात चांगला चालतो ना फॉर्म भरायला. त्या दिवशी मी नशिबाला आणि कॉन्ट्रॅक्टरला बोल लावला. माझी नऊ वर्षं त्या फॉर्मच्या पाठीमागे उभी आहेत, हे मला टोकियोच्या ट्रेनमध्ये कळलं. ज्या इमारतीचा कारभार मी 'काटकसरीचा' म्हणून वाखाणला, तो माझाच कारभार होता.

जपानमध्ये सगळं आलबेल आहे असं समजू नका. २०२३ अखेर तिथे सुमारे सत्तर लाख मॅन्शन फ्लॅट होते, त्यांतले तेरा लाखांहून अधिक चाळीस वर्षांच्या वरचे. इमारतही म्हातारी, आत राहणारी माणसंही म्हातारी. याला ते 'दोन म्हातारपणं' म्हणतात. किशो कुरोकावा या मोठ्या वास्तुरचनाकाराने १९७२ साली टोकियोत नाकागिन कॅप्सूल टॉवर बांधला. एकशे चाळीस सुट्या खोल्या दोन मनोऱ्यांना अडकवलेल्या. दर पंचवीस वर्षांनी जुन्या खोल्या काढून नव्या बसवायच्या, अशी कल्पना. पंचवीस वर्षं झाली, एकही बदलली गेली नाही. गळती, गंज. २०२२ साली तो पाडला.

तिथे पाडून नवं बांधायला आजवर पाचांत चार मालकांची संमती लागत आली. आता कायदा बदलून, भूकंपाला न टिकणाऱ्या इमारतींसाठी वगैरे, ती चारांत तीनवर आणली आहे. पण नवं बांधायचा खर्च बहुधा मालकांच्या खिशातूनच होतो, कारण जास्तीचा एफएसआय सहसा उरलेला नसतो. आपल्याकडे आपण म्हणतो, "कशाला दुरुस्ती? रिडेव्हलपमेंटला जाईलच. बिल्डर देईल, वर जास्तीचा एरिया देईल." कदाचित देईलही. पण केव्हा? तोपर्यंत या जिन्यावरून आपणच चढणार-उतरणार आहोत.

पंचवीस वर्षांच्या इमारतीला आदर्श उपविधींप्रमाणे दर पाच वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करायचं असतं, तिशी ओलांडली की दर तीन वर्षांनी. आपलं शेवटचं कधी झालं, ते मी इथे विचारत नाही. येत्या एजीएमच्या विषयपत्रिकेवर तीन विषय आहेत. ऑडिट, तीस वर्षांचा दुरुस्ती आराखडा आणि निधीचा हप्ता टप्प्याटप्प्याने वाढवणं. सूचक म्हणून माझं नाव आहे. वाढीला विरोध करणारी जी भाषणं होतील ती मला पाठ आहेत, कारण त्यांतली बहुतेक माझीच आहेत. पेन्शनवर राहणाऱ्यांना महिन्याला हजार रुपये जड जातात, हे मी जाणतो, मीही पेन्शनवरच आहे. पण महिन्याचे हजार आधी कळतात. पंच्याऐंशी हजार एके दिवशी दारात येऊन उभे राहतात.

आणखी एक छोटं काम मी सुरू केलंय. पहिल्या वर्षापासूनची इतिवृत्तं, बिलं, पाईपचे नकाशे जमवून वर्षवार लावतोय. निळी फाईल मिळाली नाही, हिरवी आणली आहे. १९९९ ते २००४ चे कागद बऱ्याच घरांच्या माळ्यावर असतील. असतील तर आणून द्या, पावती देईन.